विरोध शून्य टक्के

सातवीच्या वर्गात फळ्याच्या जागी स्पर्शाने चालणारा पडदा बसवायचा ठरला, तेव्हा गणिताच्या बाईंनी एक साधा अर्ज केला: अपूर्णांक संपेपर्यंत फळा राहू द्यावा. चौदा मुलांना अजून पाव आणि अर्धा यांची बेरीज जमत नव्हती. अर्जाची तातडीने दखल घेण्यात आली. पडदा बसला, आणि बाईंची नोंद 'तंत्रज्ञानविरोधक, सौम्य' अशी झाली.

आता विरोध मोजायचा कसा? पण शिक्षण कार्यालयात सुपीक डोक्यांची कधी वानवा असते का? पडद्याला दिवसभरात किती बोटं लागली हे पडदाच मोजतो. पाचशे स्पर्श झाले की विरोध शून्य. कमी भरले, तर बाईंची रवानगी भांडारात, जुने नकाशे झटकायला.

बाई हबकल्या. तेवीस वर्षं शिकवण्यात गेलेली, आणि या पोरांवर त्यांचा जीव. पहिल्या दिवशी मन लावून शिकवलं, तर स्पर्श भरले एकतीस. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं.

"बाई, शिकवू नका असं कोण म्हणतंय? आधी पाचशे उरका, मग वेळ उरला तर शिकवा की."

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. चाळीस मुलं, प्रत्येकी बारा स्पर्श, उरलेले वीस बाईंचे. कार्यालय इतकं खूश झालं की लक्ष्य हजारावर नेलं. मुलामागे पंचवीस आले आणि अपूर्णांकांचा तास त्यातच गेला.

महिन्याभराने कार्यालयातले साहेब कौतुकाला आले. सहज म्हणून त्यांनी एका मुलीला पाव आणि अर्धा मिळून किती, असं विचारलं. ती शहाण्यासारखी उठली, पडद्याला पंचवीस वेळा बोट लावून जागेवर येऊन बसली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी शेरा लिहिला: 'विद्यार्थी अडचणीच्या वेळी आपणहून तंत्रज्ञानाकडे वळतात.'

शेरा फोटोसकट पालकांच्या ग्रुपवर गेला. बाई फोन हातात धरून बसल्या. एकाने जरी विचारलं की मुलीने उत्तर काय दिलं, तर सगळं सांगून टाकायचं, भांडार तर भांडार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अर्ध्या तासात छत्तीस अंगठे आले. विचारलं कुणीच नाही. पहिला अंगठा तुमचा होता.