पुढं स्टील, मागं प्लास्टिक

गुरुलिंगअप्पांचा टिचकी मारल्याशिवाय कशावरही विश्वास बसत नसे. माजलगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. चांगलं भांडं खणखणीत बोलतं आणि चिरलेलं बोबडं बोलतं, हे त्यांच्या धंद्यातलं ज्ञान त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. "बोलतंय का बघू," म्हणायचे आणि टिचकी मारायचे. कलिंगड, रांजण, दार, एसटीचा पत्रा, काहीही सुटायचं नाही.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी ते घर बघायला म्हणून आले आणि भिंतीपासून टाकीपर्यंत सगळं वाजवून गेले. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला. नवीन हेल्मेट घालून नेमके तेव्हाच दारात उभे राहिले, तर अप्पांनी ह्यांच्या डोक्यावरच टिचकी मारली. "बोलत न्हाई, वैनी," असा निकाल दिला. लग्न झाल्यापासून मी तरी दुसरं काय सांगत होते?

त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात वरपक्षाने चांदीचं ताट आणलं होतं. अप्पांनी भर मांडवात त्यावर टिचकी मारली आणि मान हलवली. लग्न मोडता मोडता राहिलं. ताट मात्र जर्मन सिल्व्हरचंच निघालं.

अशा माणसाला घराला कुंपण घालायची वेळ आली, तेव्हा काय झालं ते सांगते.

कुंपण लागत होतं ते काशीकाकूंसाठी. काशीकाकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. मोठ्या हौशी बाई. शेंगदाण्याची पोळी त्यांच्या हातची खावी. पण हळूहळू त्यांना विसर पडायला लागला. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं, मग त्या मला धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागल्या. पुढे तर रोज दिवस कलला की कापडी पिशवी काखेला मारून निघायच्या. कुठे? तर माहेरी, युसूफ वडगावला. तिथे आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं. आईवडील जाऊन जमाना झाला, भाऊ घर विकून दूर गेला. पण हे त्यांना सांगितलं की त्या दर वेळी नव्याने रडायच्या, म्हणून अप्पांनी सांगणंच सोडून दिलं. एक-दोनदा एसटी स्टँडवरच्या लोकांनी ओळखून परत आणलं. एकदा मात्र त्या कालव्याच्या काठावर सापडल्या. कालव्याला पाणी सुटलं होतं.

अप्पांचं घर कोपऱ्यावरचं. पुढे रस्ता, मागे बोळ आणि चारी बाजूंनी नुसत्या बाभळीच्या काट्या. सगळ्या गल्लीने त्यांना सांगितलं की आता पक्कं कुंपण घाला. दुसरा कुणी असता तर वेल्डरला बोलावून मोकळा झाला असता. अप्पांनी नमुने मागवले.

ते दिवसच तसे होते. बाजारात रोज काहीतरी नवीन यायचं. केबल आली, रंगीत टीव्ही आले, लग्नाच्या मांडवात लोखंडी खुर्च्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या. औरंगाबादहून एक टाय लावलेला एजंट प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांचं कुंपण घेऊन आला. गंजत नाही, रंगवावं लागत नाही, परदेशात सगळे हेच लावतात, असं त्याचं पाठांतर होतं. अप्पांनी पट्टीवर टिचकी मारली. आवाजच नाही. त्यांनी कान लावून परत मारली.

"साहेब, ह्ये मुकं हाय," ते म्हणाले.

मग वेल्डरने स्टीलच्या पाइपांचा नमुना आणला. तो असा बोलला की बोळातली कुत्री भुंकायला लागली. आम्हाला वाटलं, झालं, ठरलं. पण अप्पांच्या पोटात एक जुनी भीती होती. त्यांच्या वडिलांनी पितळ विकून दुकान उभं केलं. स्टील आलं तेव्हा 'हा पत्रा कोण घेतो' म्हणून ते हसले. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं आणि म्हातारा पितळेच्या घागरी पुसत बसला. "बाप स्टीलला हसला आन् फसला," अप्पा सांगायचे. "आता मी प्लास्टिकला हसावं का न्हाई, ह्येच कळंना झालंय."

म्हणून दोन्ही नमुने अंगणात रोवले गेले आणि परीक्षा सुरू झाली. ऐन उन्हाळ्यात अप्पा भर दुपारी दोन्हींना हात लावून बघायचे. स्टीलने चटका दिला की 'आई गं' म्हणायचे आणि तरी परत लावायचे. स्टील चिंच आणि राखेने घासून झालं. प्लास्टिक उकळत्या पाण्यात बुडवून झालं. एका धनगराची शेळी अर्धा दिवस बोलावून आणली. तिने प्लास्टिकची पट्टी चावून थुंकली, स्टीलला अंग घासलं आणि शेवटी अप्पांच्या धोतराचा सोगा खाल्ला. त्यातून काय निष्पन्न झालं, ते अप्पांनी सांगितलं नाही.

इकडे काकूंवर आम्ही सगळे पाळीपाळीने लक्ष ठेवून होतो. मी तर फोडणी अर्धवट टाकून पळत सुटायची. एक दिवस मी चिडून म्हटलं, "अप्पा, काकू हरवल्यावर लावणार का कुंपण?" दुसऱ्या दिवशी पाइपांमधलं अंतर तपासायला त्यांनी स्वतःचं डोकं त्यात घातलं. डोकं गेलं. बाहेर मात्र येईना.

मी आणि हे धावलो. ह्यांनी कान धरले, मी साबण लावला, वेल्डरला निरोप गेला. गडबड ऐकून काशीकाकू बाहेर आल्या. नवऱ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "कुणाचा म्हातारा हाय ह्यो? अडकलाय बिचारा." मग आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि लहान पोराला लावावं तसं त्यांच्या कानामागे तेल चोळत बसल्या. अप्पांनी डोळे मिटून घेतले. डोकं सुटलं तरी ते बराच वेळ तिथून उठले नाहीत.

त्यानंतर चारच दिवसांत निकाल लागला आणि अख्खी गल्ली हसली. घराच्या पुढच्या बाजूला स्टीलचं कुंपण आणि स्टीलचं फाटक. मागच्या बोळाच्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकचं कुंपण आणि प्लास्टिकचंच फाटक. धोतरावर टाय लावल्यासारखं ते घर दिसायला लागलं. एजंट रुसला, वेल्डर रुसला. मी विचारलं, "अप्पा, कावून केलंत असं?" त्यांच्याच बोलीत विचारलं की ते खुश होत. ते म्हणाले, "एका मालावर भरवसा ठिवू न्हाई, वैनी. येपाराचा नियम हाय." मी ह्यांना म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं पाइपात नुसतं अडकलं नव्हतं, चांगलं आवळलं होतं.

पण काकूंचं पळून जाणं थांबलं, हे खरं. नुसत्या कुंपणाने थांबेल असं मला वाटलं नव्हतं. आत कोंडून घातलं तर त्या रडून जीव काढतील, अशी धास्ती होती. रडण्याचा आवाज मात्र कधी आला नाही.

एक दिवस संध्याकाळी मी आमच्या फाटकात भाजी निवडत उभी होते. स्टीलचं फाटक वाजलं आणि अप्पा बाहेर आले. मागे काकू, डोक्यावरून पदर, काखेत पिशवी.

"वडगावला निघालाव आमी," काकूंनी मला सांगितलं.

अप्पा सावकाश चालत होते. पिठाच्या गिरणीपाशी आले आणि म्हणाले, "तेलगाव आलं." हापशापाशी थांबून काकूंना पाणी पाजलं. "घाट चढलाव. धारूर आलं, दमानं चल." कोपरा वळून ते बोळात शिरले. आमच्या मागच्या दारापाशी एक विजेचा खांब आहे. मी घरातून पळत तिथे जाऊन पोचले, तोवर ते खांबाला हात लावून सांगत होते, "आलं बघ केज. आता वडगाव कितीसं ऱ्हायलं?"

आणि मग ते पांढरं फाटक आलं. घर तेच होतं. पण पुढच्या बाजूचं काहीच इथून दिसत नव्हतं, आणि चकाकणाऱ्या पाइपांच्या घरातून निघालेल्या काकू पांढऱ्या पट्ट्यांच्या घरापाशी पोचल्या होत्या. त्यांनी फाटक ढकललं आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. माहेरात पाऊल टाकलेली लेक डोक्यावरचा पदर काढते ना, तसा. तोंडावर इतकं हसू होतं की मला हुंदका आवरेना.

अप्पा त्यांच्या मागोमाग आत जायला निघाले, तर काकूंनी हात आडवा केला.

"तुमी कुटं? जावा आता घरी. चार दिसांनी न्यायला या."

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी बाहेरून फाटकाला कडी लावली.

मी डोळे पुसत विचारलं, "अप्पा, आत जाऊन बसा की. त्यांना काय कळतंय?"

"मधल्या दारातनं दिसती मला, ध्यान असतं माजं," ते म्हणाले. "पर लई वर्सं मी तिला माहेरी ऱ्हाऊच दिलं न्हाई, वैनी. दुकान, दुकान करत दुसऱ्याच दिवशी न्यायला जायचो. आता ऱ्हाऊ द्या. जावयानं सासुरवाडीत लई येळ ताटकळू न्हाई."

मग धोतर सावरत ते आल्या वाटेने परत निघाले. खांब, हापसा आणि गिरणी मागे टाकत, बायको माहेरी गेलेल्या घरी ते एकटेच पोचले.