गुडघ्याखालच्या उशीची हकीकत

श्री. पायावर उभे करणाऱ्यास नमन, पडल्यावर हात देणाऱ्यास नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते मुलांनी पुसले, म्हणोन काही न लपविता लिहिले ऐसे जे:

त्या राज्यात हाडांचा एक दरबार होता आणि त्याचे सरदार थोर हाताचे होते. झिजला गुडघा काढून धातूचा गुडघा चार घटकांत बसवीत. मग दरबारातून हुकूम सुटला की रोग्याने सकाळी यावे, गुडघा बदलून घ्यावा आणि दिवेलागणीस आपले घरी जावे. हुकूम वाईट नव्हे. घरच्या अन्नात आणि घरच्या माणसांत शरीर लवकर सावरते. परंतु ते घर तयार आहे की नाही, हे पुसण्याचे कलम हुकुमात नव्हते. त्याच राज्यात द्वारकाबाई साळवी म्हणून बालवाडीच्या बाई होत्या, वय सासष्ट, आणि चौतीस मुले माघात बाई येणार म्हणून वाट पाहत होती. बाई दरबारी गेल्या, डावा गुडघा बदलला, आणि सांजेस कारकून निरोपाचा कागद घेऊन आला. बाई खाटेवर जाग्या होत्या, सून तृप्ती उशाशी उभी होती. पण त्या राज्याची रीत अशी की रोगी बाईमाणूस असल्यास समजावणे ते घरच्या पुरुषास. म्हणोन कारकुनाने दोघींस ओलांडून पुत्र हेमंत यास बाहेर बोलाविले आणि सोळा कलमे एका श्वासात वाचिली. हेमंत लिफ्टकडे पाहत "हो, हो" म्हणत गेला आणि कागदाची घडी करून स्कूटरच्या डिकीत ठेविता जाहला.

मग घरी आले तो उंबरा वीतभर उंच आणि संडास उकिडवे बसण्याचा. रोग्यास वाकता येत नाही हे तिथे पोहोचल्यावर कळले. तृप्तीने शेजारून भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची मागून आणिली आणि तो प्रसंग निभाविला. मग भेटीस बायका आल्या, आणि एक म्हणाली, "अगं, पाय असा ताठ काय ठेवलायस? खाली उशी दे, आराम पडेल." तृप्तीने मायेने मऊ उशी दिली, बाईंस झोप लागली, आणि घर म्हणाले, बरे जाहले. ती उशी वीस दिवस गुडघ्याखाली राहिली. गुडघा ज्या बाकात निजला त्याच बाकात आखडला.

एकविसावे दिवशी दरबारी गेले. सरदारांनी टाच दाबून पाहिली, पाय सरळ होईना, आणि ते कडाडले, "उशी ठेवायला कोणी सांगितलं?" तेव्हा तृप्ती, जी सासऱ्यांपुढेही कधी मोठ्याने बोलली नव्हती, म्हणाली, "ठेवू नका म्हणून कोणी सांगितलं?" "कागद दिला होता." "कोणाला?" अवघी सभा हेमंताकडे पाहू लागली. हेमंत म्हणाला, "आहे ना. डिकीत आहे." सरदार म्हणाले, "मुलाला सगळं समजावलं होतं, बाई." त्यावर द्वारकाबाईंनी काठी जमिनीवर आपटिली आणि म्हणाल्या, "गुडघा त्याचा की माझा? मी तिथंच खाटेवर होते, डॉक्टर. चाळीस वर्षं मी चार वर्षांच्या पोराशी खाली बसून बोलले. तुमच्या माणसाला माझ्या खाटेशी दोन मिनिटं थांबता आलं नाही?" मग अडीच मास गुडघा ताणण्याची शिक्षा सुरू जाहली, ती कोणास? कारकुनास नव्हे, पुत्रास नव्हे, बाईंस. दातात पदर धरून ती त्यांनी भोगिली, आणि माघ बालवाडीवाचून गेला.

पुढे उजव्या गुडघ्याची पाळी आली. बाईंनी अट घातली की आधी शिकवणी, मग सुरी. सरदारांस समोर बसविले, तृप्तीस जवळ घेतले, हेमंतास उभे केले. सरदार एक एक कलम सांगत गेले. तृप्तीने सुतळीने संडासाची आणि उंबऱ्याची मापे आणिली होती ती दाखविली, आणि उंच बैठकीची खुर्ची आठ दिवस आधी घरी आली. शेवटी बाई म्हणाल्या, "हेमंत, आता म्हणून दाखव." "अगं आई, मला कळलंय." "मागच्या वेळीही कळलं होतं. म्हण." तो चाळीस वर्षांचा माणूस मान खाली घालून म्हणाला, "उशी टाचेखाली. गुडघ्याखाली नाही." "पुन्हा." त्याने पुन्हा म्हटले. मग बाईंनी सरदारांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आता तुमचा कारकून म्हणू दे."

तात्पर्य इतकेच की निजल्यावर उजवा पाय जमिनीस सपाट टेकतो आणि डाव्याच्या गुडघ्याखालून आजही दोन बोटे आरपार जातात. एक शिकवणीने बरा जाहला, एक कागदाने आखडला. बाई पुन्हा बालवाडीत गेल्या, पण लंगडत. मुले पुसतात, "बाई, हा पाय असा का?" आणि बाई खुर्चीवरून वाकून, एकेकाच्या डोळ्यांत पाहून, सांगतात.