पंचमीच्या ज्वारीची पिशवी

नीलव्वाच्या लेकीच्या माहेरपणाला आडवी यायची ती सासूची पाठ. नागपंचमी जवळ आली की नवलगुंदला कडुलिंबाला झोपाळा बांधला जायचा, शेंगदाण्याचे लाडू डब्यात पडायचे आणि नेमका हुबळीहून गिरिजाचा फोन यायचा, "अव्वा, अत्तींची पाठ धरलीय गं." सलग तीन वर्षं हेच. मग नीलव्वा रिकाम्या झोपाळ्याकडे बघत बसायची आणि लाडू शेजारच्या पोरी खायच्या.

यंदा तिनं पदर खोचला. "तुझ्या सासूची पाठच सरळ करते. शेकायला काय लागतं ते सांग."

"जाड कापडाची पिशवी शीव, आत तांदूळ भर. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवली की गरम, फ्रीजरमध्ये ठेवली की थंड. वर्षभर चालते."

पिशवी शिवताना नीलव्वानं टाक्याटाक्याला लेकीची आठवण काढली. भरायच्या वेळी मात्र घोडं अडलं. घरात तांदूळ होता तो रेशनचा, आणि विहीणबाई बसलिंगव्वा म्हणजे शिवण उसवून आत बघणारी बाई! तिला रेशनचा तांदूळ पाठवायचा? नीलव्वानं घरातलं सगळ्यात उत्तम धान्य काढलं. पंचमीच्या लाह्यांसाठी निवडून, पाण्याचा हबका मारून मुरवत ठेवलेली ज्वारी. वर दुहेरी शिवण घातली आणि पिशवी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"अव्वा, काय भरलंस गं त्यात?"

"का? उतार पडला?"

"दोन मिनिटांनी ऊब पुरेना म्हणून अत्तींनी आणखी चार मिनिटं ठेवायला लावली. पाठीखाली घेतली आणि आतून तडतड, तडतड! आधी म्हणाल्या, माझी हाडं मोडतायत. मग तुझी दुहेरी शिवण उसवली. खोलीभर लाह्या! अत्ती ताडकन उठून दारापर्यंत धावल्या."

"धावल्या?"

"धावल्या! आता लाह्या खात बसल्यात. एवढंच म्हणाल्या, तुझ्या अव्वाला सांग, उद्या दहाच्या बसला उभी राहा."

नीलव्वा नऊलाच स्टँडवर हजर. पिशवीत लेकीसाठी घेतलेली हिरवी इरकल होती. बस आली. माणसं उतरली, सगळ्यात शेवटी बसलिंगव्वा उतरली. एकटीच, ताठ.

"गिरिजा कुठंय?"

"घर कोण बघणार?" बसलिंगव्वा म्हणाली. मग आवाज खाली आला. "लाह्यांचा वास आला आणि राहवेना बघ. माझ्या माहेरी आता बोलवायला कुणी उरलं नाही, नीलव्वा."

नीलव्वाला राग आला, रडू आलं, आणि यातलं आधी काय करावं ते कळेना. घरी नेऊन तिनं विहिणीला लाडू दिले. गिरिजाची इरकलही नेसवली. हिरवा रंग तिला शोभलासुद्धा, हे जास्तच जिव्हारी लागलं.

बसलिंगव्वा झोपाळ्यावर चढली. "दे झोका!"

नीलव्वानं दिला.

"हे काय, पाळणा हलवतेस? जोरात दे!"

तीन वर्षं न दिलेले झोके नीलव्वाच्या हातात साठले होते. चौथ्या झोक्याला वरून "अय्यो!" ऐकू आलं. पाठ पुन्हा धरली. विहीणबाईंना शेजारच्या चौघींनी उचलून आत आणलं.

डॉक्टर बघून म्हणाले, "आठ दिवस जागचं हलायचं नाही."

"मग गिरिजाला बोलवा," बसलिंगव्वा कण्हत म्हणाली. "पाठ चोळायला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही मला. घराला कुलूप घाल म्हणावं. तिच्या नवऱ्याला खानावळ आहे."

नीलव्वानं इतक्या चपळाईनं फोन लावला, की बसलिंगव्वानं कण्हणं थांबवून तिच्याकडे रोखून बघितलं. नीलव्वानं नजर चुकवली आणि तव्यावर नवी पिशवी शेकायला ठेवली.

"आत काय भरलंयस ते आधी सांग," विहीण म्हणाली.

"रेशनचा तांदूळ," नीलव्वा म्हणाली, पिशवी तिच्या पाठीखाली सरकवली आणि पायात चपला अडकवून पाचच्या बससाठी साडेतीनलाच घराबाहेर पडली.