ओलं बोट आणि मोठी कात्री

माळव्यातल्या धार गावी, आमच्या गल्लीतले दाजीकाका छत्रीसुद्धा वाऱ्याला विचारून उघडतात. बोट जिभेवर टेकवायचं, हवेत धरायचं, डोळे मिटायचे. मग निकाल: "उघड" किंवा "थांब". काकू साडी वाळत घालतात तीही याच परवानगीने.

काकांचं घराणं तंबू शिवणाऱ्यांचं. पूर्वज मराठ्यांच्या छावणीबरोबर इकडे आले. काका लग्नांचे मंडप शिवतात. "कापडाचा मालक वारा, भिया. अपन तो नुसते शिंपी." घराण्याचा दुसरा नियम असा की वादळात तंबू उडू लागला तर तो आपल्याच हाताने फाडायचा. कापड जावं, माणूस जाऊ नये. त्यासाठी मोठी कात्री कमरेला. वरातीतसुद्धा.

जवळच्या मांडूत पर्यटकांसाठी गरम हवेचे फुगे उडू लागले आणि काकूंनी हट्ट धरला.

"तंबूच की तो."

"खुंट्या कुठायत त्याला?"

"म्हणूनच बसायचंय. चाळीस वर्षं तुमच्या खुंट्या धरून उभी आहे."

काकांनी बोट धरलं. "थांब." काकू थांबल्या नाहीत.

ऊन चढलं तसा वारा भडकला. स्कूटरवर काका, मागे मी, डोक्यावर काकूंचा फुगा. तो हरभऱ्याच्या शेतात उतरला; टोपली आडवी झाली आणि कलंडलेला फुगा शिडासारखा वारा भरून तिला विहिरीकडे फरफटत नेऊ लागला. हवा सोडायची दोरी अडकली होती. चालक ती ओढतच होता. काका धावत कापडावर चढले आणि कात्रीने वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढी, चीर दिली. फुगा बसला. टोपली थांबली.

काकू केसांत हरभऱ्याचा पाला घेऊन बाहेर आल्या. चीर बघून म्हणाल्या, "शिवणीवर तरी कापायचं होतं."

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं: वारा न मोजता माणसं वर पाठवणं हा गुन्हा आहे, फुगे बंद करा. आजही त्यातला पहिला अर्धा भाग मी मागे घेणार नाही. काकांनी सही केली नाही. "बंद कशाला? वारा बघणारा माणूस ठेवा, असं लिही."

तसं लिहिलं. फुगेवाल्यांनी काकांनाच ठेवलं. फाटलेला फुगा काकांनी ओसरीवर पंधरा दिवस बसून शिवला. फुगेवाल्यांच्या कारागिराने टाका न् टाका तपासला.

काकांच्या नोकरीच्या पहिल्या सकाळी टोपलीत सगळ्यांत आधी काकू. काकांनी बोट ओलं केलं, डोळे मिटले. पान हलत नव्हतं. तरी त्यांनी बोट पुन्हा ओलं केलं. त्यांनी "थांब" म्हटलं असतं तर फुगा उडालाच नसता.

"खरं सांगा हं," काकू म्हणाल्या.

"उघड," काका हळूच म्हणाले.

फुगा वर गेला, लहान होत गेला. काकू पलीकडच्या माळावर सुखरूप उतरल्याचा फोन येईपर्यंत काका तिथेच उभे होते, बोट हवेत धरून. ते केव्हाच वाळलं होतं.