सारवलेल्या खळ्यावरचं स्केटिंग

"शिबिर म्हंजी काय असतं, मला शिकवू नको," संतरामआबा म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा असा आपटला की चुना उडून त्यांच्याच मिशीला लागला. "उपमा खायचा, टाळ्या वाजवायच्या अन् घरला यायचं."

वडिलांपुढे शिबिराचा विषय काढणं म्हणजे मोहोळाला काठी लावणं, हे भागवतला ठाऊक होतं. पण पोरीसाठी काढावा लागला होता. त्याची मुलगी वैष्णवी यंदा पाचवीतून सहावीत गेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे वसमतला राहून तिनं चाकाच्या बुटांचं छोटं शिबिर केलं होतं. फिगर स्केटिंग म्हणतात त्याला. खरं तर ते बर्फावर करायचं असतं, पण मे महिन्यात आपल्याकडे बर्फ फक्त कुल्फीवाल्याच्या पेटीत, तोही दुपारपर्यंतच. म्हणून चाकांवर. तिथं शिकवायला आलेल्या देगलूरकर सरांनी वैष्णवीला गिरक्या घेताना पाहिलं आणि नांदेडच्या मोठ्या, महिनाभराच्या शिबिरासाठी तिला निवडलं. तेव्हापासून पोरगी धड जेवतही नव्हती. झोपेतसुद्धा पाय हलवायची.

घरात शेवटचा शब्द आबांचा. आणि आबांना शिबिर हा शब्दच चालत नव्हता. त्याला कारणंही होती म्हणा. डोळ्यांच्या शिबिरात त्यांना असा चष्मा मिळाला की एका म्हशीच्या दोन दिसायच्या. दोन दिवस ते खुशीत होते, मग धार काढायला बसले तेव्हा कळलं. शेतीच्या शिबिरातून त्यांनी एक टोपी आणली. कुटुंब नियोजनाच्या शिबिराला जाऊन आले, त्यानंतर भागवतच्या पाठीवर दोन भावंडं झाली. आणि प्रत्येक ठिकाणी स्टेजवरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगायचा, की मंडळी, इथून जाल ते सोनं होऊन जाल.

"आबा, एकदा बघा तरी," वैष्णवी रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी गोल फिरून दाखवते. एका पायावर."

नातीच्या डोळ्यात पाणी आलं की आबांचा आवाज खाली यायचा. ते म्हणाले, "बरं. दाव. माझ्या डोळ्यासमोर दाव. त्या मास्तरलाबी बोलाव. मंग ठरवू."

आता त्यांच्या कुरुंदा गावात एका पायावर गोल फिरायला जागा कुठली? गल्लीत खड्डे, शाळेच्या मैदानात खडे. पण भागवतनं त्याच वर्षी घरामागं हळद वाळवायला सिमेंटचं खळं करून घेतलं होतं. गवंड्यानं थापी मारून मारून ते असं गुळगुळीत केलं होतं की त्यावर पाणी सांडलं तर ते कुठं जावं या विचारात पडायचं. हळद केव्हाच विकून झाली होती, खळं रिकामं. रविवार ठरला. सर नांदेडहून यायला तयार झाले. शेजारचे व्यंकटराव न बोलावता यायला तयार झाले.

रविवारी सकाळी भागवत दात घासत खळ्याकडे गेला आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

सगळं खळं हिरवंगार सारवलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताजं, ओलं, बोटांच्या अर्धगोल नक्षीसकट. मधोमध रांगोळीचं कमळ. आणि कडेला त्याची आई गोजरबाई, कोपरापर्यंत शेणाचे हात, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"माय! ह्ये काय केलंस?"

"सारवलं की. कोंबडा आरवायच्या आधी उठले."

"सिमेंट हाय ना ते! सिमेंटला कोण सारवतं?"

"म्हून काय पाव्हण्याला उघड्या-बोडक्या जागंवर उभं करतोस?" गोजरबाई चिडल्या. "लेकराचं पयलं काम हाय. दोन बैलांचं शेण पुरलं न्हाई, व्यंकटरावाच्या गोठ्यातलं आणलं. कंबर मोडली माझी. अन् तू काहून वरडून राहिला?"

म्हातारी नातीच्याच बाजूची होती, हीच तर पंचाईत. वैष्णवी धावत आली, तिनं खळं बघितलं आणि मटकन खाली बसली. आजीच्या हाताला अजून शेणाचा वास येत होता आणि ती कौतुकानं विचारत होती, "चांगलं झालं ना गं?"

आई आंघोळीला आणि मग चुलीकडे गेली तशी, "धुवून काढू," भागवत म्हणाला आणि मोटार चालू करायला पळाला. मोटार कसली चालू होते! लाईट गेलेली, ती आता दुपारनंतर. मग हौदातल्या उरल्यासुरल्या पाण्याच्या बादल्या आणून ओतल्या. पाणी संपलं आणि सारवण अर्धंच सुटलं. आधी निदान नुसतं ओलं होतं, आता त्याचा राडा झाला. बाजेवर चहा पीत बसलेले व्यंकटराव म्हणाले, "भुस्कट टाक भागवता. वलं सगळं ओढून घेतं." तुरीचं भुस्कट टाकलं. ते राड्यात बसलं ते उठेना. मग खराट्यानं झाडलं. झाडून झाडून भुस्कट तेवढं गेलं आणि हिरवा थर सगळीकडे सारखा पसरला. ऊन वर आलं, वरून साय धरावी तसा तो सुकला. लांबून पाहिलं तर चकचकीत.

तेवढ्यात देगलूरकर सर आले. पांढरी पँट, पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. खळं बघून ते दारातच थबकले.

"वा! भागवतराव, ग्रीन कोर्ट! अहो, नांदेडला नाही असं. कोणता रंग मारला?"

भागवतनं तोंड उघडलं. शेजारी गोजरबाई पदर सावरून उभ्या होत्या, त्यांचा चेहरा फुलला होता. आईच्या मेहनतीला पाहुण्यासमोर कसं नावं ठेवणार? त्यानं तोंड मिटलं.

"घरचाच हाय," गोजरबाई लाजून म्हणाल्या.

"सर, थांबा, आतून ओलं आहे," वैष्णवी म्हणाली.

"अगं, मूल उतरायच्या आधी शिक्षकानं फरशी तपासायची असते," सर म्हणाले आणि चाकाचे बूट बांधून त्यांनी झोकात पाय टाकला.

पहिली दोन पावलं सुंदर गेली. आबांनी मानही डोलावली. तिसऱ्या पावलाला वरची साय फुटली. सरांचा एक पाय औंढ्याकडे निघाला, दुसरा वसमतकडे, आणि सर मधल्या मधे बसले. बसले ते थांबले नाहीत. मागं नांगरल्यासारखा तास पाडत, बसल्या बसल्या अख्खं खळं ओलांडून ते व्यंकटरावांच्या बाजेखाली गेले. व्यंकटरावांचा चहा सरांच्या टी-शर्टवर सांडला.

"सर!" वैष्णवी बूट घालून त्यांना उचलायला धावली आणि आपटली. उठली, पुन्हा आपटली. तिला धरायला भागवत गेला, तोही गेला. आबा काठी घेऊन उठले तेव्हा गोजरबाईंनी त्यांचं धोतर मागून धरलं. "तुमी बसा! तुमची हाडं कोण गोळा करील?"

झालं. बघणं तिथंच संपलं. वैष्णवी ना गोल फिरली, ना एका पायावर. न्हाणीच्या दगडावर बसून ती हुंदके देत होती. "आता आबा न्हाई पाठवणार," एवढंच म्हणत होती. गोजरबाईंना आपल्या सारवणाचा घोळ आता कुठं कळला होता आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

सरांची पँट धुवून दोरीवर गेली. त्यांच्या मापाचं घरात काही नव्हतं. शेवटी आबांचं धोतर नेसून, अंगावर भागवतचा सदरा घालून, ते ओसरीवर आबांसमोर बसले. मध्ये गरम भज्यांची परात होती. गळ्यातली शिट्टी मात्र तशीच.

आबांनी सुपारी कातरली. "लागलं का मास्तर?"

"नाही. थोडं... नाही."

"मंग सांगा. तुमच्या शिबिरात येऊन माझ्या नातीचं सोनं व्हईल का? अन् बराबर बोला. माझं धोतर नेसून खोटं बोलू नका."

सरांकडे या प्रश्नाचं पाठ उत्तर होतं. वसमतला, परभणीला, सगळीकडे देत असत. पण पांढऱ्या पँटमध्ये सुचायचं ते धोतरात सुचेना. त्यांनी सुटत आलेल्या निऱ्या खोचल्या.

"नाही हो, आबा," ते शेवटी म्हणाले. "सोनं-बिनं काही नाही. महिनाभरात काय होतं? आपली चूक आपल्याला दिसत नाही, ती मी दाखवीन. तेवढंच. बाकी पडेल, गुडघे फुटतील, घरची आठवण काढून रडेल. आणि परत आल्यावर रोज केलं नाही तर सगळं विसरेल. खरं सांगू? माझ्या स्वतःच्या मुलाला दोनदा नेलं शिबिराला. आता तो कॅरम खेळतो."

भागवतनं कपाळावर हात मारला. न्हाणीपाशी हुंदका मोठा झाला. आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"भागवता," ते म्हणाले, "पोरीची पिशवी भर."

"आबा? पण सर तर म्हणून राहिले की..."

"ऐकलं म्या. इतकी शिबिरं केली मी, समद्यांनी सोनं व्हईल म्हून सांगितलं. न्हाई म्हणणारा ह्यो पयला माणूस. ह्याच्या हाती लेकरू द्यायला मला काय तकलीफ न्हाई."

वैष्णवी किंचाळली आणि आबांच्या गळ्यात पडली. गोजरबाईंनी डोळ्याला पदर लावला. हे सगळं पाहून देगलूरकर सरांचा ऊर भरून आला. ते धोतर सावरत उभे राहिले, त्यांनी छातीवर हात ठेवला आणि घसा साफ केला.

"आबा, तुम्ही बघाच! आमच्या शिबिरातून बाहेर पडलेलं मूल म्हणजे..."

वैष्णवीनं परातीतली मूठभर भजी उचलली आणि सरांच्या तोंडात कोंबली.

"सर," ती म्हणाली, "आधी खाऊन घ्या."