शब्दार्थवाले गवईसाहेब

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका गवईसाहेबांनी दोन दिवसांनी मला परत आणून दिली. 'कृपया आहेर आणू नये' या ओळीतल्या 'आहेर'खाली लाल रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात प्रश्न: 'पाकीट धरून की सोडून?'

"मॅडम, व्याख्या नाई देल्ली तं लोकं घोळात पडतेत," ते म्हणाले. चेहरा असा, जणू मांडवच पेटलाय.

अमरावतीत आमचं छोटं ऑफिस आहे. मोबाइलवर वाचायच्या माहितीपुस्तिका आम्ही तयार करतो. मजकुरातला अवघड शब्द हेरायचा, त्याला टॅग, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणारी खूण लावायची, शेवटी शब्दसूचीत व्याख्या लिहायची आणि दोघांची जोडी जुळवायची. मग शब्दावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो. हे काम गवईसाहेबांचं. मूर्तिजापूरहून ते रोज गाडीने येत.

त्यांना शब्दांची धास्तीच होती. 'प्रतीक्षा काळ' म्हणजे फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस. "कोनी समजंन, दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचा टाइम!" असं म्हणत त्यांनी ती व्याख्या अकरा वेळा बदलली. चहावाला 'स्पेशल' म्हणाला तरी विचारत, "स्पेशल म्हंजे? अद्रक जास्त का दूध जास्त?" आम्ही हसलो की म्हणत, "हासा. पण अर्थ चुकला तं मानूस मरते."

फवारणीच्या पुस्तिकेची फाइल पाचपर्यंत पाठवायची होती, त्या सकाळी साहेब आलेच नाहीत. फोन बंद. मी फाइल तपासायला घेतली. 'उतारा' शब्दावर बोट ठेवलं. विषबाधेवर डॉक्टर देतात ते औषध, असा अर्थ यायला हवा होता. उघडलं ते 'फवारणीचं द्रावण'! आणि चुकीपेक्षा भीती वेगळ्याच गोष्टीची होती. गवईसाहेबांकडून असं होणंच शक्य नव्हतं. लॅपटॉप उचलून मी मूर्तिजापूर गाठलं.

दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. "फोन चार्ज कराचा राहून गेला, मॅडम."

आत पलंगावर त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि ऑफिसात साहेबांनी कुणाला अक्षरही सांगितलं नव्हतं. वहिनी बोलायच्या, पण एका शब्दाच्या जागी भलताच शब्द यायचा. सांभाळणारी बाई बदलली होती, नवीला काही उमजेना, म्हणून साहेब घरी थांबले होते.

पलंगाजवळ भिंतीवर बाईसाठी छापलेला कागद होता. जाड अक्षरात शब्द, पुढे अर्थ. 'कढई: पाणी. कंदील: पाठ दुखते. मावशी: पंखा बंद करा.' सगळ्यात खाली 'शेवंती'. पुढे कोरं.

"ह्योच सापडून नाई राहिला," ते म्हणाले. "रोज सकाळी म्हंते. शेवंतीची फुलं आनली तं फेकून देल्ली. मंग रडते. मले काहून समजत नाई?"

मी लॅपटॉप उघडून चूक दाखवली. त्यांनी दोन मिनिटांत जोडी दुरुस्त केली, तीनदा तपासली, तरी 'पाठवा' म्हणायला त्यांना अर्धा तास लागला. साडेचारला फाइल गेली.

"चला, चौकापर्यंत येतो," म्हणत त्यांनी चपला सरकवल्या.

"शेवंती," वहिनी म्हणाल्या. मग मोठ्याने, "शेवंती!"

"साहेब, सकाळी म्हणतात म्हणजे नेमकं कधी?"

ते आठवत राहिले. "मी डबा घेतो तवा. निंघाच्या टायमाले."

"मग 'जाऊ नका' म्हणत असतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. चपला काढून पलंगाच्या कडेला बसले. "कुसुम, जाऊ नका म्हंतं का वं?"

वहिनींनी चांगल्या हाताने त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

जरा वेळाने त्यांनी खिशातलं लाल पेन काढून माझ्यापुढे केलं.

"त्या कागदावर तुमीच लिहा, मॅडम. मले उठता नाई येत."