शेजारी बसायला नकार

बुधवारी सकाळी प्लॅटिनमला धरून असलेल्या दोन क्लोरीननी एकमेकांशेजारी बसायला नकार दिला आणि ते समोरासमोर जाऊन बसले.

ही गोष्ट महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यातली. तिथे कर्करोगावरचं एक पिवळं औषध तयार होतं. त्याची घडण साधी आहे. मधोमध प्लॅटिनम, त्याच्याभोवती चार जागा. दोन जागांवर अमोनिया, दोन जागांवर क्लोरीन. दोन्ही क्लोरीन एकमेकांना लागून बसले तर औषध होतं. समोरासमोर बसले तर सगळं तेच असूनही औषध होत नाही, नुसती पिवळी पूड होते.

मुख्य रसायनतज्ज्ञ मृणालिनी खातू यांनी नेहमीची चाचणी केली. द्रावण गडद पिवळं व्हायला हवं होतं. ते झालं नाही, तळाशी पांढरा साका बसला. खातू मॅडमनी चष्मा पुसला आणि चंबूजवळ तोंड नेलं.

"काय झालं?"

"काही नाही," डावा क्लोरीन म्हणाला. चंबूत त्यांच्यासारखे असंख्य होते, पण सगळ्यांच्या वतीने बोलायला हे दोघंच पुढे आले होते.

"काही नाही तर तिकडे का बसलात?"

"ह्याच्या शेजारी बसायचं नाही. ढकलतो."

"मी ढकलतो?" उजवा उसळला. "आधी कोपर कुणी मारलं?"

दोघांचा स्वभाव ऋण. शेजारी बसले की थोडी ढकलाढकली व्हायचीच. पण आजवर निभावलं होतं. मॅडमनी प्लॅटिनमला विचारलं. तो म्हणाला, "मी कुणाच्यात पडत नाही." तो मुळात उंची धातू, आणि उंची धातूंची ही सवय सर्वांना माहीत आहे.

व्यवस्थापक विश्राम पार्टे यांनी शिस्तभंगाची नोटीस काढायचं ठरवलं. मग ती कुठे चिकटवायची यावर अडलं.

"मॅडम, शुक्रवारी हे औषध रुग्णालयात पोचलं पाहिजे," पार्टे म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "त्यातली एक बाटली आमच्या दादाची आहे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ दत्ताराम. त्यांच्या फुप्फुसात गाठ होती. पहिला डोस झाला होता, दुसरा शनिवारी होता.

खातू मॅडम पुन्हा चंबूकडे वळल्या. "कोपराचं राहू द्या. खरं काय ते सांगा."

उजवा हळूच म्हणाला, "आत गेल्यावर काय होतं ते आम्हाला कळलंय. पेशीच्या आत शिरलो की आम्हाला उतरवतात. प्लॅटिनम पुढे जातो, गाठीशी झुंजतो, नाव कमावतो. आम्हाला कुणी विचारत नाही. आम्ही कुठल्या माणसासाठी उतरायचं, तेही कुणी दाखवत नाही."

"माणूस दाखवला तर?"

"बघू आणि सांगू."

अशा रीतीने गुरुवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला.

दत्ताराम इस्त्रीचा सदरा घालून आले. तो आता त्यांना दोन मापं मोठा होत होता. बरोबर त्यांच्या पत्नी प्रभावती होत्या आणि त्यांनी डब्यात पोहे आणले होते. प्रयोगशाळेत खायला मनाई असल्यामुळे डबा पार्ट्यांच्या टेबलावर ठेवण्यात आला. दत्तारामांना संरक्षक चष्मा लावून चंबूसमोर स्टुलावर बसवलं.

"नाव?" डाव्याने विचारलं.

"दत्ताराम सखाराम पार्टे."

"काय करता?"

"लग्नात क्लॅरिनेट वाजवतो." ते थांबले. "वाजवायचो."

"पहिल्या डोसला आमची माणसं आली होती. कशी वागली?"

प्रभावतीबाईंनी नवऱ्याच्या पाठीला हलकेच बोट लावलं. गोड बोला, असा त्याचा अर्थ होता. दत्तारामांना तो कळला, पण जमला नाही.

"वाईट वागली," ते म्हणाले. "आठवडाभर ओकत होतो. तोंडाला पत्र्याची चव. कानात शिट्टी वाजते ती अजून थांबलेली नाही, आणि तीही बेसूर. खरं सांगू? तुम्ही मला अजिबात आवडत नाही."

पार्ट्यांनी डोळे मिटले. चंबूत कुजबुज झाली.

"मग आलात कशाला?" उजव्याने विचारलं.

"दुसरं कुणी आत जायला तयार नाही म्हणून. मला अजून वाजवायचंय. आणि हिला एकटीला घर खायला उठेल."

प्रभावतीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

खातू मॅडम पुढे झाल्या. "एक सांगते. तुम्ही उतरता म्हणून त्याचे हात मोकळे होतात. तुम्ही शेजारी असलात तर दोन्ही हात एकाच बाजूला मोकळे होतात आणि त्याला गाठीच्या पेशीतली डीएनएची दोरी पक्की धरता येते. समोरासमोर बसलात तर एक हात इकडे, एक तिकडे. तशी पकड बसत नाही. तुमचं उतरणं हेच औषध आहे. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"बरोबर आहे ते," प्लॅटिनम अचानक म्हणाला. सगळे दचकले. "यांच्याशिवाय मला कुणी आत घेत नाही."

यापुढचं बोलणं अटींवर आलं. क्लोरीनची एकच अट होती: वाटेत एकटं पाडायचं नाही, पेशीच्या दारापर्यंत आपली माणसं सोबत हवीत. मॅडमनी विचार केला. मिठाच्या पाण्यात क्लोरीनचं सगळं गणगोत असतं. औषध त्यातूनच द्यायचं ठरलं. गोतावळा भोवती असला की वाटेतच उतरावंसं वाटत नाही, हेही दोघांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. रक्तातही ओळखीचे बरेच निघतात. पेशीच्या आत मात्र फारसं कुणी नसतं, तिथे ते आपणहून उतरतील.

"आणि ढकलाढकली?" पार्ट्यांनी विचारलं.

"ती होणार," दोघं एकदमच म्हणाले.

मॅडमनी सगळी पूड विरघळवून पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. चाचणीचा रंग गडद पिवळा आला. शुक्रवारी बाटल्या गेल्या आणि शनिवारी दत्ताराम खाटेवर पडून थेंब मोजू लागले. परिचारिकेने बाटली टांगताना आतून भांडणाचा आवाज येतो म्हणून तक्रार केली. डॉक्टरांनी कान लावला आणि ठीक आहे म्हणाले.

ओकाऱ्या यावेळीही झाल्या. त्याबद्दल कुणी काही कबूल केलं नव्हतं. पण पुढच्या तपासणीत गाठ निम्मी दिसली, आणि त्यापुढच्या तपासणीत डॉक्टरांना ती शोधावी लागली.

उतरलेले क्लोरीन रीतीप्रमाणे शरीराबाहेर पडायला हवे होते. पडले नाहीत. त्यांना घर आवडलं होतं.

एका दुपारी दत्ताराम जेवायला बसले. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपण होऊन आमटी मागितली होती. पहिला घास घेतला आणि त्यांच्या पोटातून आवाज आला, "मीठ कमी आहे."

"जास्त आहे," दुसरा आवाज म्हणाला.

प्रभावतीबाईंनी डाव खाली ठेवला, नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भावजी, आधी तुम्ही दोघं एकमत करा, मग मला सांगा." आणि त्यांनी ताटात आणखी भात वाढला.